बर्फ बोलू दे

गच्चीवर पाच पेट्या ओळीनं मांडल्या होत्या आणि पाचव्या पेटीवर उभा राहून मी उड्या मारत होतो.

"मोडशील," जिन्यातून आई म्हणाली.

"नाही मोडत. एकसंध ओतीव आहे. बघ की, कुठं सांधासुद्धा नाही."

"पेटीचं नाही रे, पायाचं म्हणतेय मी."

मार्च संपत आला होता आणि कोल्हापुरातली गच्ची तव्यासारखी तापली होती. पाचही आईसबॉक्समध्ये मी सकाळी सातला सारखाच बर्फ भरला होता. झाकणांवर खडूनं वेळ लिहिली होती. उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप, तिथून दर दोन तासांनी घरी येऊन कुणात किती पाणी झालं ते बघत होतो. पहिली पेटी दुपारीच गारद झाली. दुसरीच्या झाकणाखाली कागदाचा चिठोरा धरला तर तो अलगद बाहेर यायचा, म्हणजे रबर नुसतं नावाला. तिसरी जीपमधून खाली टाकली, कडी तुटली. चौथी बरी होती, पण इतकी हलकी की दगडाधोंड्यांच्या वाटेवर गाडीभर उडत बसली असती. पाचवी मात्र अस्सल निघाली. हिरवी, जाड भिंतींची, खाली पाणी सोडायला बूच असलेली, भरल्यावर दोघांनी उचलावी लागेल इतकी जड. तिसऱ्या दिवशीसुद्धा तिच्यात बर्फ शिल्लक होता.

"मला बघायला आले होते तेव्हा दहा मिनिटंसुद्धा बसले नव्हते," बायको आईला म्हणाली. "आणि पेट्या बघा, आठवडाभर चालल्यात."

आता हसू येतं. नऊ वर्षं झाली त्याला, आई जाऊनसुद्धा पाच झाली. पण त्यापुढचे, आईबरोबरच्या प्रवासाचे दोन दिवस मला अजून अर्धवट झोपेत बघितल्यासारखे आठवतात. मधले तुकडे पुसट, आणि काही काही गोष्टी इतक्या स्वच्छ की हात लावावा.

माझ्याकडे एक जुनी उघडी जीप होती, मीच इंजिनापासून उभी केलेली. आमचा सातआठ जणांचा गट होता. रविवारी सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारांवर, ओढ्यांतून, बैलगाडीच्या मोडक्या वाटांवर गाड्या घालायचो. एरवी पेटीत कोल्ड्रिंक जायचं. ह्या वेळी आईचं इन्सुलिन जाणार होतं.

आई म्हणजे सिंधू सिस्टर. एकतीस वर्षं तिनं आरोग्यखात्यात नर्स म्हणून काढली, त्यातली पहिली सहा घाटावरच्या वाड्यावस्त्यांत, पायी. जानेवारीत तिची साखर पाचशेवर गेली आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एक दिवससुद्धा इंजेक्शन चुकवायचं नाही, पुढच्या वेळी निभावेलच असं नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता आई म्हणाली, "मला एकदा चांदेसड्यावरच्या धनगरवाड्यावर ने."

"तिथं काय आहे?"

"भागूबाई झोरे आहे. जिवंत आहे म्हणतात."

आईनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साडी आणली तर म्हणायची, कशाला. म्हणून मी हरखून गेलो. वरती गाडीरस्ता नव्हता आणि तिच्यानं चालवणार नव्हतं. न्यायची तर माझ्याच जीपमधून, दोन दिवस, उन्हात, आणि औषध गार ठेवून. तेवढं जमलं नाही तर ती वाटेतच जायची, अशी भीती मला मनातून होती. ती कुणाला बोललो नाही, पेट्यांवर उड्या मारत बसलो.

निघायच्या पहाटे मी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली आणि अंगणात फोडून पेटी भरायला बसलो. आई जवळ येऊन उभी राहिली.

"बर्फ बोलला का?"

"काय?"

"आमच्या लसीच्या पेटीत बर्फाच्या चपट्या बाटल्या असायच्या. फ्रीझरमधून काढल्या काढल्या कधी आत नाही ठेवायच्या. बाहेर ठेवून घाम सुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायची. आत पाणी खळखळलं की बर्फ बोलला. मगच लस आत."

"आई, त्या पेट्या वेगळ्या, त्यांत काय राहत होतं? हिच्यात बघ, उद्यासुद्धा लादी तशीच मिळेल तुला."

"तेच म्हणतेय. फार गारही बरं नसतं. बाटलीला बर्फ लागू देऊ नको."

"नाही लागू देत. ती पर्समधली चालू बाटलीपण दे इकडं."

"तिला नको रे पेटी. ओल्या फडक्यात राहील ती."

"चाळीस डिग्रीत? दे म्हणतो ना."

तिनं दिली. मुलगा हौसेनं करतोय, करू दे, असा तिचा चेहरा होता. ती आत गेल्यावर मी दोन्ही बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या मधोमध खुपसल्या. आणि वरून दोन किलो खडेमीठ ओतलं. लहानपणी शेजारच्यांकडे पॉट आइस्क्रीम लावायचे तेव्हा बर्फात मीठ घालायचे, मग बर्फ लोखंडासारखा व्हायचा, ते माझ्या डोक्यात होतं. शेजारी पॉट लागला की आम्ही पोरं वाट्या घेऊन धावायचो आणि आई उठून आतल्या खोलीत जायची. तिला आवडत नसेल, एवढंच मला वाटायचं.

दुसरी जीप भूपाल चौगुलेची. आमच्यात पक्का नियम होता, एकटी गाडी सड्यावर जात नाही. एक अडकली तर ओढायला दुसरी पाहिजे. भूपालचं पंपांचं दुकान, माणूस बडबड्या, पण आईसमोर शाळेतल्या पोरासारखा बसायचा.

डांबरी संपली आणि आम्ही जंगलातल्या जुन्या वाटेला लागलो. काकूंना धक्के बसू नयेत म्हणून भूपालनं पुढं राहून एकेक दगड बाजूला केला. आतमध्ये ऊनच नव्हतं. अंजनी फुलली होती. फांद्या, खोडं, सगळं निळ्या फुलांनी माखलेलं, आणि खाली वाटेवरसुद्धा निळा सडा पडलेला. चाकं त्यावरून आवाज न करता जात होती. मी गिअर टाकला की तेवढा खरखर आवाज, मग पुन्हा शांत.

"तेव्हाही अशीच फुललेली असायची," आई म्हणाली. "मी एकटीच यायचे. गळ्यात थर्मास. वाटायचं, पाण्याच्या तळातून चाललेय."

"भीती नाही वाटायची?"

"वाटेची नाही वाटली कधी."

मग कशाची, असं विचारायला पाहिजे होतं मी. नाही विचारलं. तिच्या मांडीवर निळी फुलं पडली होती, ती एकेक वेचून ती पदराच्या टोकात बांधत होती. तिचं वय कुठं तरी मागं राहिलं होतं. शेजारी कुणी पंचविशीतली बाई बसलीय आणि मी तिचा कुणीच नाही, असं मला उगाच वाटून गेलं.

शेवटची चढण खडकाची होती, अंधारात घालायची नाही, म्हणून उतरत्या उन्हात सड्याच्या अलीकडं तंबू टाकले. झुणकाभाकरी खाल्ली. इंजेक्शन रोज सकाळी एकच असायचं, म्हणून पेटी मी मुद्दामच उघडली नाही, गारवा जाऊ नये म्हणून.

सकाळी जाग आली तेव्हा खालची दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती आणि आम्ही तिच्या काठावर बसलो होतो. धुक्याच्या आतून म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. म्हशी कुठं दिसत नव्हत्या. आई कधीच उठून, वेणी घालून बसली होती.

"दे बाळ औषध."

मी ऐटीत कड्या उघडल्या. "ये भूपाल, बघ! बघितलास बर्फ? आहे का तुझ्या बापाकडं अशी पेटी?"

पिशवी काढली, आणि हाताला कळलं. दोन्ही बाटल्यांवर बर्फाचा पांढरा थर चढला होता. हलवली, तर आत काही हललं नाही. औषधाचा दगड झाला होता.

"वितळेल," मी म्हणालो. "हातात धरतो, आत्ता वितळेल."

आईनं बाटली घेतली, तळहातावर धरली. जरा वेळानं ती उन्हाकडं करून बघितली. दुधी पाण्यात कण्या दिसत होत्या, फुटलेल्या दह्यासारख्या. मग तिनं वाकून पेटीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ घातलंस?"

"जास्त टिकावा म्हणून."

ती पेटीच्या काठावर बसली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती बाटलीकडं बघत राहिली, आणि तिचा चेहरा इतका लांब गेला की मी घाबरलो.

"मेलं हे," ती म्हणाली. "गोठलं की मरतं. परत पातळ होतं, पण काम करत नाही."

"चला. आत्ताच्या आत्ता खाली," मी तंबूच्या खुंट्या उपटायला लागलो. "तीन तासांत बाजारात पोचू. भूपाल, आवर!"

"मी नाही येत."

"आई, डॉक्टर काय म्हणालेत..."

"डॉक्टर काय म्हणतात ते मला कळतं. एकतीस वर्षं मी तेच ऐकलंय." तिनं पर्समधलं यंत्र काढून बोटाला सुई टोचली. दोनशे चाळीस. "भाकरी खात नाही. पाणी पीत राहते. संध्याकाळपर्यंत मला काही होत नाही. भूपाल, तू खाली जा. ही औषधाची चिठ्ठी घे, नवी बाटली आण. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळ, थर्मासमध्ये घाल, खाली गार पाणी. बर्फाचा खडासुद्धा लागू देऊ नको."

"काकू, एकटी गाडी वर न्यायची नसते," भूपाल म्हणाला. "ह्याची अडकली तर तुम्ही तिथंच."

"मग अडकू देऊ नको म्हणावं त्याला."

"आई, ऐक माझं! पुढच्या महिन्यात परत आणतो तुला. शप्पथ."

"संग्राम," ती म्हणाली. "आज मागं फिरले तर मी परत यायची नाही. छत्तीस वर्षं दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत आलेय मी."

मी भूपालकडं बघितलं. त्यानं टोपी नीट केली, चिठ्ठी खिशात घातली आणि गाडी वळवली. त्याचं इंजिन धुक्यात बुडालं, तेव्हा मी तंबू गुंडाळून गाडीत टाकले.

ती चढण मी कशी चढलो ते मला आजही नीट आठवत नाही. पाटाएवढे दगड, एका बाजूला पांढरं धुकं, खाली किती खोल ते दिसत नव्हतं हे एक बरं. एकदा मागचं चाक हवेत गेलं. आईनं दांडा धरला होता आणि डोळे मिटले होते. "डाव्या अंगानं घे," ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "तिथं खडक सलग आहे." होता.

वर आल्यावर सगळं सपाट, पिवळं, उघडं. चार घरं कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली. एका दारात एक उंच, वाळकी म्हातारी डेऱ्यात रवी घुसळत होती. आमची गाडी बघून तिची रवी थांबली.

"कोन गं?"

"मी सिंधू. टोचायला यायचे."

"नर्सबाय!" म्हातारीनं पुढं येऊन आईच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, कानशिलावर बोटं मोडली. "अगं किती वाळलीस! ह्यो तुजा ल्योक? बस बाबा बस. ताक घेतोस?"

तिनं तांब्याभर ताक माझ्या हातात दिलं, आईला दिलं. स्वतः पुन्हा रवीजवळ बसली. आईनं तांब्या खाली ठेवला.

"भागूबाई, तुझ्या रंगूचं सांगायला आलेय मी."

रवी पुन्हा थांबली.

"त्या वर्षी चैत्रात मी आले होते बघ. नऊ पोरं होती वाड्यावर. असंच ऊन होतं. लस गरम होईल म्हणून मी जीव खाऊन बर्फ भरला होता. कुल्फीवाल्यानं सांगितलं, मीठ घाल. घातलं. इथं आले तर बाटल्या गोठलेल्या. मी हातात धरून वितळवल्या आणि नऊ पोरांना टोचल्या. कण्या दिसत होत्या मला. मला माहीत नव्हतं गं, पण दिसत होत्या." आई भराभर बोलत होती, थांबली तर पुढं बोलता येणार नाही अशी. "पावसाळ्यात रंगूला घटसर्प झाला आणि ती गेली. दिवाळीनंतर आम्हाला शिकवायला मोठे डॉक्टर आले, ते म्हणाले, गोठली की ती लस मरते. मी त्याच आठवड्यात परत आले, आठ पोरांना पुन्हा टोचलं. दुसरा डोस आहे म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. पहिला डोस नव्हताच. तुझ्या पोरीला मी पाणी टोचलं होतं."

मी तांब्या हातात धरून बसलो होतो. माझी आई, जिला मी कधी चुकताना बघितलं नव्हतं, ती त्या अंगणात हात जोडून बसली होती. आणि त्या सकाळी मी तिच्यापुढं काय उघडून धरलं होतं, ते मला आत्ता कळत होतं. मला रडू यायला लागलं.

भागूबाई उठली. घरात गेली. आता ही कोयता घेऊन येते का काय, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. मग ती दारात येऊन उभी राहिली.

"तवाच का न्हाई सांगितलंस?"

"भ्यायले."

"म्या मारलं असतं तुला."

"हो."

"मारलंच असतं. पर मला झोप तरी लागली असती गं." ती उंबऱ्यावर बसली. "त्या पावसाळ्यात एक दिशी रंगूला म्या ताक पाजलं व्हतं. गाडग्यात भाईर ऱ्हायलेलं, गारढोण. मागत व्हती पोर. दोन रोजानं तिचा गळा धरला. सासू म्हनली, तुज्या ताकानं गेली. मरंपातुर म्हनत व्हती. नवरा बोलला न्हाई, पर त्याच्याबी मनात तेच. माज्याबी."

"ताकानं नाही होत घटसर्प," आई म्हणाली. तिनं भागूबाईचे दोन्ही हात धरले. "भागूबाई, ऐक माझं. ताकाचा काही संबंध नाही. मी नर्स आहे, मी सांगते. तुझ्या हातून काही झालं नाही."

"काय म्हनलीस?"

"तुझ्या हातून काही झालं नाही."

भागूबाईनं ते स्वतःशी पुटपुटून बघितलं. मग डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला, आणि असं रडली की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. आई तिला धरून बसली होती. दोघी हलत होत्या, सड्यावरचं गवत वाऱ्यानं हलतं तशा, आणि किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. धुकं दरीतून वर येऊन अंगणात शिरलं होतं.

"तवापास्नं ताक घुसळतीय," भागूबाई डोळे पुसत म्हणाली. "येईल त्येला पाजतीय. तोंडाला लावलं न्हाई एकदाबी."

आईनं तांब्या उचलून तिच्यापुढं धरला. म्हातारीनं घेतला, आत बघितलं.

"कोमट झालंय," ती म्हणाली. "पोराच्या गाडीत बर्फ आहे," आई म्हणाली. तशी ती माझ्याकडं वळली. "तुज्या गाडीत बर्फ हाय म्हनं?"

मी धावत गेलो. पेटीच्या दोन्ही कड्या उघडल्या. आत लादीचे तुकडे होते तसेच होते. ओंजळभर घेऊन आलो आणि तांब्यात टाकले.

"खारट लागेल," मी म्हणालो. "मीठ आहे त्यात."

"ताकाला लागतंच की," भागूबाई म्हणाली.

तांब्या गार होईपर्यंत तिनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला. एकदा आईकडं बघितलं, आईनं मान हलवली. मग भागूबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.